अकरा सागांची फाइल

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबर २०२४ ला, आमच्या सॉमिलच्या आवक रजिस्टरात मी दोन नोंदी केल्या. पहिली इक्वेडोरच्या सागाची, दुसरी तात्यांच्या अकरा सागांची. तात्यांचं घर गिरणीपासून साडेतीन किलोमीटरवर, नदीच्या पलीकडे. इक्वेडोर कुठे आहे ते मला मुलाच्या नकाशात शोधावं लागलं होतं.

तो परदेशी माल जूनच्या अखेरीस तिकडून बोटीत चढला, गुजरातेत उतरला आणि गांधीधामच्या व्यापाऱ्याकडून ट्रकने आमच्या दारात आला. तात्यांचा अर्ज नोव्हेंबर २०२३ चा. दोन्ही गाड्या एकाच सकाळी अंगणात उभ्या. ड्रायव्हर एकमेकांना तंबाखू मळून देत होते. तात्या मात्र परदेशी ओंडक्यांवर हात फिरवत मला म्हणाले, "वहिनी, ह्याला कोणाची सही लागली नाय काय गो?"

लागली होती. त्याचे कागद तात्यांच्या फाइलीपेक्षा जाड होते. पण ते कागद करणाऱ्या माणसाचा तोच धंदा आहे, आणि तात्यांचा धंदा भात आणि काजू.

थोडं स्वतःबद्दल सांगते. रत्नागिरी जिल्ह्यात आमची छोटी सॉमिल आहे, सासऱ्यांनी १९८३ साली टाकलेली. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यांना भुशाची ॲलर्जी. त्यामुळे बारा वर्षं गिरण मी बघते. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढच्या वर्षी परवान्याचं नूतनीकरण आहे. लोकांना वाटतं गिरणीत लाकूड कापतात. कापतो तर खराच, पण निम्मा वेळ मी कागदच चाळते. गिऱ्हाईक घनफुटात बोलतं, सरकारी रजिस्टर घनमीटरात बोलतं, आणि एका घनमीटरात ३५.३१ घनफूट हा आकडा मला आता झोपेतही विचारा.

तर तात्यांचे साग. १९९५-९६ च्या सुमारास त्यांनी वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत बांधाच्या कडेने पंचवीसेक रोपं लावली. गुरांनी खाल्ली, वणव्यात गेली, चौदा उरली. त्यातली अकरा तोडून नव्या घराचे वासे, चौकटी आणि एक झोपाळा करायचा, हा बेत. जमीन स्वतःची, झाडं स्वतः लावलेली, लाकूडही स्वतःच्याच घराला. बाहेरच्या माणसाला वाटेल, यात विचारायचं कोणाला?

विचारावं लागतं, कारण १९६४ चा वृक्षतोड विनियमनाचा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत सोळा प्रकारची झाडं आहेत. साग आहे, खैर आणि चंदन आहे, ऐन, किंजळ, हिरडा, मोह आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळही आहे. म्हणजे कोकणातल्या घराच्या आवारात जे जे उभं असतं त्यातलं बरंचसं. ही झाडं खाजगी जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. तोडल्यावर ओंडक्यांवर वनखात्याचा हातोडा पडतो, म्हणजे खात्याची खूण ठोकली जाते, आणि मग वाहतुकीचा पास, ज्याला आम्ही सगळे टीपीच म्हणतो, तो मिळतो. टीपीशिवाय आलेला ओंडका मी गिरणीत घेतला तर माझा परवाना जातो.

तात्यांची अडचण झाडांपाशी सुरूच झाली नाही. ती सुरू झाली सातबाऱ्यापाशी. उताऱ्यावर तेवीस नावं. चुलते गेले, त्यांची मुलं लागली, आत्यांची नावं लागली, एक भाऊ नालासोपाऱ्याला, दोघं डोंबिवलीला, एक पुतणी बडोद्याला. कसणारे एकटे तात्या. वाटणी तोंडी, सगळ्यांना मान्य, पण कागदावर जमीन सामाईक. म्हणजे प्रत्येकाची संमती हवी. कोकणात असल्या सह्या गोळा करण्याचा एकच मोसम असतो, गणपती. २०२३ च्या गणपतीत तात्यांनी स्टॅम्पपेपर आरतीच्या ताटाशेजारीच ठेवला होता म्हणतात. एकवीस सह्या झाल्या. बडोद्याच्या पुतणीची कुरियरने आली. नालासोपाऱ्याचा भाऊ तेवढा अडला. "सागाचे किती येतील?" एवढंच तो विचारत राहिला. त्याला एक दार कबूल करावं लागलं.

दिवाळी आटोपल्यावर अर्ज गेला. सातबारा, आठ अ, फेरफार, गाव नकाशा, चतुःसीमा, संमतीपत्रं, सगळं. महिन्याभराने पत्र आलं की शेजारच्या गटाच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात खाजगी वनाचा शेरा आहे, तरी हद्द निश्चित करून मोजणीची प्रत जोडावी.

हा शेरा काय ते थोडक्यात सांगते, कारण कोकणात अर्ध्या फाइली याच दगडावर आपटतात. १९७५ साली महाराष्ट्रात खाजगी वनं संपादन करण्याचा कायदा झाला. त्याआधी १९२७ च्या वन कायद्याखाली कित्येक जमीनमालकांच्या नावे नोटिसा निघाल्या होत्या. काही बजावल्या गेल्या, काहींचं पुढे काहीच झालं नाही. पण नोटिशीच्या जोरावर सातबाऱ्यावर वनाचे शेरे लागले, कुठे लगेच, कुठे कित्येक वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये मुंबईतल्या जमिनींच्या एका खटल्यात सांगितलं की नुसती नोटीस निघाली म्हणून जमीन खाजगी वन ठरत नाही. मुंबईतल्या कंपन्यांकडे ते न्यायालयात नेऊन मांडायला वकील होते. तात्यांच्या शेजाऱ्याला तो शेरा आहे हेच ठाऊक नव्हतं.

झाडं हद्दीच्या अलीकडची की पलीकडची, एवढ्याच प्रश्नासाठी मोजणी. पैसे भरले, तारीख फेब्रुवारीतली मिळाली, मोजणीदार आले, खुणा घातल्या. प्रत हातात पडेस्तोवर मार्च. आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडे मतदान ७ मेला. तोवर महसूलची माणसं निवडणुकीच्या कामात, आणि वनखात्याची वणव्यामागे. त्यात त्या बीटच्या वनरक्षकाकडे शेजारच्या बीटचाही चार्ज. मी स्वतः तात्यांबरोबर तीनदा कार्यालयात गेले. कोणी उद्धट बोललं नाही, कोणी पैसे मागितले नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. "वहिनी, माणूसच नाही" एवढंच उत्तर. भिंतीवर कुठलं काम किती दिवसांत ते सांगणारा सेवा हक्काचा बोर्ड लावलेला, त्याच्या खिळ्याला कोणीतरी हेल्मेट अडकवलेलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वनरक्षक आला. पोरगेलासा, घाटावरचा, कामाला चोख. छातीच्या उंचीवर फीत लावून प्रत्येक झाडाचा घेर घेतला, सालीचा एक तुकडा तासून आत रंगाने नंबर टाकला. सगळ्याला मिळून दीड तास लागला. परवानगी २७ मेला मिळाली. तीन दिवसांत झाडं आडवी, चौथ्या दिवशी तुकडे पाडून माल यादी तयार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला.

अकरा झाडांचे सव्वीस ओंडके पाणंदीच्या पलीकडे पडून. त्यावर हातोडा पडल्याशिवाय ते हलवता येत नाहीत, आणि पाणंदीत गुडघाभर चिखल, तिथे गाडी जात नाही. हातोडा पडला नारळी पौर्णिमेनंतर. टीपी सप्टेंबरात.

त्यातला पहिला ओंडका ट्रॉलीवर चढवला तेव्हा मिस्त्रीने पातं लावण्याआधी चाकूचं टोक बाहेरच्या पांढऱ्या भागात खुपसलं. लोण्यात गेल्यासारखं गेलं. सागाचा गाभा असा सहजी कुजत नाही, त्याच्यात स्वतःचं तेल असतं. पण बाहेरची पांढरी कड पावसात साडेतीन महिने मातीला टेकून राहिली की बुरशी आणि भुंगेरे तिचा फडशा पाडतात. वयस्क सागात ती कड बोटभर असते. तात्यांच्या अठ्ठावीस वर्षांच्या सागात ती जाड होती, कारण झाड तसं तरुणच. पातं फिरलं, ओला आंबूस वास आला, आणि मग एकदम आत सागाचा तो चामड्यासारखा कोरडा वास. प्रत्येक ओंडक्याची चारी बाजूंनी सालपटं जाड काढावी लागली. नव्वद घनफूट धरलं होतं, कामाचा माल मिळाला पन्नासच्या आसपास. चिराईत काही तूट असतेच, पण इतकी नाही. दोन ओंडके तर सरपणात गेले.

आता हिशोब सांगते, कारण मला ज्याचा राग येतो तो इथे आहे. अर्ज करण्याआधी एका लाकूड ठेकेदाराने तात्यांना उभ्या अकरा झाडांचे ४५,००० देऊ केले होते. "फाइल माझी, सह्या माझ्या, तोड माझी, तुम्ही फक्त अंगठा करा." त्या वेळी आमच्याकडे तेवढ्या मालाची किंमत सहज सव्वा लाख झाली असती. मधल्या ऐंशी हजारांत तोडणी, ओढणी, गाडीभाडं येतं, ठेकेदाराचा नफाही येतो, मान्य आहे. पण त्यातला मोठा हिस्सा फाइलीचा असतो. कोणत्या टेबलावर कधी जायचं, कुठला कागद आधीच जोडायचा, मोजणी सप्टेंबरातच भरून ठेवायची, हे त्याला पाठ. विलंब जितका लांब, तितका हा माणूस गरजेचा आणि तितका शेतकऱ्याचा भाव खाली. आमच्या भागात दहातले नऊ साग असेच उभे विकले जातात. मग लोक म्हणतात कोकणातला माणूस आळशी, सुबाभूळ नि काजूपलीकडे काही लावत नाही. जे लाकूड तोडायला दहा महिने लागतात ते तो का लावेल?

आणि तरीही मला परवाने नकोत असं म्हणवत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा घरामागच्या डोंगरावर खैर दाट होता. कातासाठी त्याला कायम मागणी. एका पावसाळ्याआधी तीन-चार रात्री लांबून करवतीचा आवाज येत राहिला, आणि सकाळी बुंध्यांची लालभडक तोंडं उघडी. सासरे तेव्हा म्हणाले होते की गिरणीवाल्यांनी ठरवलं तर डोंगर वर्षभरात संपेल. तेव्हा तर बिनपरवान्याच्या गिरण्याही होत्याच की. सर्वोच्च न्यायालयात जंगलतोडीवर चाललेल्या गोदावर्मन खटल्यात ४ मार्च १९९७ ला हुकूम झाला, त्यात महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या सगळ्या बिनपरवाना सॉमिल तात्काळ बंद करायला सांगितलं. आमच्या आसपासच्या दोन गिरण्या आठवड्यात बंद झाल्या. पुढे २००२ मध्ये नवी गिरण टाकायलाही न्यायालयाच्या केंद्रीय समितीची परवानगी लागेल असं झालं. डोंगर राहिला त्यात या हुकमांचा वाटा आहे, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण त्याच हुकमांनी आमचा परवाना म्हणजे घराण्याचा दागिना करून टाकला. नवे परवाने निघत नाहीत म्हटल्यावर जुन्या कागदाला यंत्रापेक्षा जास्त किंमत आली. दोन माणसं घरी येऊन गेली, गिरण नको, फक्त परवाना द्या म्हणून. २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी अधिकार राज्यस्तरीय समितीकडे आले. पण अधिसूचित वनापासून दहा किलोमीटरच्या आत लाकडाचा नवा उद्योग नाही ही अट, तीत सूट फक्त औद्योगिक वसाहतींना नि शहरी हद्दींना. कोकणात वनापासून दहा किलोमीटर जायचं तर समुद्रात जावं लागेल.

सासरे वारले तेव्हा परवाना आमच्या नावावर करायचा अर्ज केला. तीन महिन्यांनी परत आला. परवान्यावर त्यांचं आडनाव आधी होतं, मृत्यूच्या दाखल्यावर शेवटी. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. जोडलं. मग नणंदांची ना हरकत. जोडली. मग कळलं की टेबलावरच्या साहेबांची बदली झालीय आणि नवीन साहेबांना फाइल पहिल्यापासून बघायचीय. एक आख्खा हंगाम पातं फिरलं नाही. आमचा जुना मिस्त्री तेव्हा गोव्याला गेला तो गेलाच.

गेल्या काही वर्षांत सुधारणा झाल्या नाहीत असं नाही. माझ्या डोळ्यांसमोर जी खरोखर लागू पडली ती बांबूची. १९२७ च्या कायद्यात बांबू हे झाड होतं. वनस्पतिशास्त्रात गवत, पण कायद्यात झाड. २०१७ च्या नोव्हेंबरात अध्यादेश निघाला आणि वनाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून काढून टाकला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला गावच्या जंगलातल्या बांबूसाठी टीपीचं पुस्तक स्वतःच्या हातात मिळायला २०११ चा एप्रिल उजाडला होता, आणि ते द्यायला केंद्रीय मंत्री नि मुख्यमंत्री दोघं गावात आले होते, इतकं ते अवघड काम. आता सिंधुदुर्गातला माझा मावसभाऊ माणगा जातीचे बांबू सोमवारी तोडतो आणि गुरुवारी त्याची गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला असते. पहिलं वर्षभर नाक्यावर त्याला अडवायचे, तो अध्यादेशाची झेरॉक्स गाडीच्या काचेला आतून चिकटवून ठेवायचा. पण बघा, त्याने लगेच अजून दोन एकर लावला. परवाना सुटला की लागवड वाढते हे त्याच्या दोन एकरांनी मला पटवलं.

मग २९ डिसेंबर २०२३ ला देशभरासाठी एकच ऑनलाइन वाहतूक पास सुरू झाला, क्यूआर कोडवाला. ज्याची गाडी तीन राज्यं ओलांडते त्याला तो वरदानच. पण सह्यांपासून धरलं तर तात्यांच्या वर्षभरात टीपीचे किती दिवस होते ते मी मोजले: नऊ. उरलेला सगळा वेळ तेवीस नावं, एक हद्द, एक निवडणूक आणि एक हातोडा यांत गेला. मोबाइलवर पास निघाला म्हणून नालासोपाऱ्याचा भाऊ लवकर सही करत नाही.

जून २०२५ मध्ये केंद्राने शेतजमिनीवरच्या झाडतोडीचे आदर्श नियम काढले, ते मी वाचले. लागवड आधीच पोर्टलवर नोंदवायची, कोणतं झाड, कधी लावलं, कुठे, फोटोसकट. दहापर्यंत झाडं असतील तर फोटो टाकून परवाना, जास्त असतील तर नेमलेली संस्था येऊन बघणार. तात्यांची अकरा! एक झाड कमी तोडलं असतं तर, असं मनात आलं आणि हसू आलं. पण आदर्श नियम म्हणजे नमुना, राज्याने आपले करून घेतले तर खरे. आणि त्यातही जमीन तुमची असल्याचा कागद लागतोच, म्हणजे फिरून सातबारा. मला विचाराल तर कसणाऱ्याने स्वतः लावलेल्या झाडाला तलाठ्याचा पंचनामा आणि ग्रामपंचायतीचा दाखला एवढ्यावर परवानगी द्यावी, सहहिस्सेदारांना हरकतीला तीस दिवस द्यावेत, आणि हरकत नाही आली तर पुढे जावं. सह्या गोळा करायला लावण्यापेक्षा हरकत मागवणं सोपं. हे मी एका बैठकीत बोलले होते. साहेबांनी लिहून घेतलं.

तोवर जे हातात आहे ते करावं म्हणून गेल्या रविवारी तात्यांकडे गेले. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. फोटो काढला की जागेसकट नोंद होते, पुढे कधी "ही झाडं कोणी लावली, कधी होती" असा प्रश्न आला तर निदान काहीतरी कागद. उरलेले तीन साग नोंदवायचे होते. खालच्या मळ्यात रेंज नाही, म्हणून वरच्या बांधावर फणसाखाली जाऊन उभे राहिलो. तात्यांचा नातू मोबाइल धरून, तात्या त्याच्या खांद्यावरून चष्मा कपाळाला लावून. साग, संख्या तीन. नोंद झाली. पोरगा म्हणाला, "आजोबा, फणसपण टाकू?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "वहिनी, फणस त्या सोळांत येतो काय?"

"येतो."

"मग नको," तात्या म्हणाले आणि पोराच्या हातातून मोबाइल काढून घेतला.